डेव्हिडचं आडनाव

‘गोलमाल’मधले डॉ. केदार आठवतात? रामप्रसादला नोकरीच्या मुलाखतीआधी भवानीशंकरांची सगळी खोड समजावून देणारे. बुटके, टकले, हसले की सगळा चेहरा हसणारे. ‘चुपके चुपके’मध्ये हेच हरिपद भैया होतात, ‘बातों बातों में’त अंकल टॉम. श्रेयनामावलीत नाव येतं एकाच शब्दाचं – डेव्हिड.

या माणसाचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल. अलिबागहून रेवदंड्याकडे निघालात की नागाव, आक्षी मागे टाकून नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून रस्ता जातो तेच.

मी याच पट्ट्यातला. दिवसा कोड लिहितो, रात्रीचा कॉल संपला की मोबाइलवर एखादा जुना सिनेमा लावतो. गेले काही महिने मी डेव्हिडचे सिनेमे ओळीने बघतोय. काही फार आवडले, काही कसेबसे संपवले. पण बघता बघता लक्षात आलं की या एका आडनावाचा धागा धरला तर हिंदी सिनेमाचा इतिहास रायगडच्या किनाऱ्यावरून नीट दिसतो. हा लेख त्याबद्दल.

‘कर’ लावणारे ज्यू

आपल्याकडे गावावरून आडनाव लावायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पण चेऊलकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर ही आडनावं बेने इस्राएल समाजातही आहेत, हे शाळेत आपल्याला कुणी सांगत नाही. बेने इस्राएल म्हणजे कोकणचे मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. जहाज नेमकं कधी फुटलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही; पण हे लोक शेकडो वर्षं इथे तेलाचे घाणे चालवत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवत होते, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. धर्माची ओळख सुट्टीच्या वारावरून ठेवणं ही अगदी आपल्या गावाची पद्धत.

रेवदंड्यात त्यांचं बेथ एल सिनेगॉग आहे, अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन अबोथ. हे लोक मराठीत कीर्तनं करत, विषय बायबलमधले. वल्हांडण सणाच्या वेळी वाचायचा हगादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला. पुढे १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हगाद्याच्या चित्रांत भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगड्यांत आहेत. मलिद्याच्या विधीत पोहे, गूळ आणि खोबरं असतं.

इंग्रजी अमलात यातले बरेच जण मुंबईला गेले. सैन्य, रेल्वे, इस्पितळं, सरकारी कचेऱ्या. १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारा सॅम्युएल इझिकिएल दिवेकर कंपनीच्या फौजेतला अधिकारी होता. शिक्षण आलं, इंग्रजी आलं, आणि मुंबईत तेव्हा रंगभूमीही जोरात होती. तिथून सिनेमा एका पावलावर होता.

पेणकरांचा ‘आलम आरा’

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. भारताचा पहिला बोलपट. दिग्दर्शक अर्देशिर इराणी, नायिका झुबेदा, नायक मास्टर विठ्ठल. क्विझमध्ये इथपर्यंत सगळे पोचतात. लेखक कोण, हे विचारलं की शांतता. लेखक होते जोसेफ डेव्हिड, आडनाव पेणकर. पारशी रंगभूमीचे मुरलेले नाटककार. त्यांच्याच नाटकावरून हा सिनेमा झाला.

म्हणजे भारतीय सिनेमा पहिल्यांदा तोंड उघडून बोलला, ते शब्द ज्यांच्या लेखणीतून आले त्यांच्या आडनावात आपलं पेण आहे. गणपतींसाठी प्रसिद्ध असलेलं पेण. ‘आलम आरा’ मी बघितला नाही आणि तुम्हीही बघणार नाही, कारण त्याची एकही प्रत उरलेली नाही. जोसेफ डेव्हिड यांनी पुढे वाडिया मुव्हिटोनसाठी ‘लाल-ए-यमन’ (१९३३) लिहिला.

इथे एक गल्लत टाळायला हवी. जुन्या सिनेमातल्या ज्यू म्हटलं की आठवतात त्या सुलोचना (रुबी मायर्स), प्रमिला (एस्थर अब्राहम), नादिरा (फ्लोरेन्स इझिकिएल). यांची घराणी बगदादी ज्यूंची, म्हणजे इराक-सीरियाकडून व्यापारासाठी मुंबई-कलकत्त्यात आलेल्यांची. त्या काळात ‘चांगल्या घरातली’ बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहत नसे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं होतं. ती पोकळी अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींनी भरून काढली. बगदादी घरात मराठी नव्हती. पेणकर, चेऊलकरांच्या घरात मात्र तीच बोलली जायची. एकाच धर्माचे असूनही दोघांची गोष्ट वेगळी आहे.

आता सिनेमे

डेव्हिड यांचा जन्म १९०९ चा. पदवी घेतली, कामासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, आणि बॉम्बे टॉकीजच्या ‘नया संसार’पासून (१९४१) लोक ओळखू लागले. त्याची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची होती. पुढच्या चार दशकांत शंभराहून जास्त सिनेमे.

‘बूट पॉलिश’ (१९५४) आधी बघा. निर्माता राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. भोला आणि बेलू ही अनाथ भावंडं, त्यांना भीक मागायला लावणारी काकू, आणि ‘भीक मागू नका, काम करा’ असं शिकवणारा जॉन चाचा. गंमत म्हणजे हा जॉन चाचा स्वतः चोरून दारू विकतो. तेव्हाच्या मुंबई राज्यात दारूबंदी होती, हे लक्षात ठेवलं की पात्र जास्त कळतं. मुलांना प्रामाणिकपणा शिकवणारा माणूसच कायदा मोडून पोट भरतोय, आणि सिनेमा त्याला माफीही मागायला लावत नाही. दुसऱ्या अर्ध्यात योगायोगांचा मारा होतो, रडारड लांबते, ते मला खटकलं. पण तुरुंगात टकल्या कैद्यांसोबतचं मन्ना डे यांच्या आवाजातलं गाणं, आणि त्यात डेव्हिडचा चेहरा! शास्त्रीय राग आणि वेडेपणा इतक्या सहज एकत्र आलेले क्वचितच दिसतात. फिल्मफेअरने १९५५ मध्ये सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार सुरू केला, तो पहिला पुरस्कार या भूमिकेला मिळाला. म्हणजे त्या यादीतलं सगळ्यात पहिलं नाव एका चेऊलकराचं आहे.

‘सत्यकाम’ (१९६९) मला सगळ्यात जास्त लागला. धर्मेंद्र यात इंजिनिअर आहे, खोट्या बिलावर सही करणार नाही म्हणून नोकऱ्या सोडत जाणारा. इंजिनिअरिंग केलेल्या प्रत्येकाने हा सिनेमा कॉलेजच्या शेवटच्या वर्षी बघावा आणि मग पहिल्या अप्रेझलनंतर पुन्हा एकदा. डेव्हिड यात पारशी रुस्तम आहेत. सगळीकडून कोंडी होत असताना हा माणूस पडद्यावर आला की आपला श्वास थोडा मोकळा होतो. हृषिकेश मुखर्जींनी त्यांना पुन्हा पुन्हा का घेतलं, ते इथे कळतं. त्यांच्या सिनेमात कुणीतरी असा लागतो, ज्याच्यावर सगळ्या पिढ्यांचा विश्वास आहे.

‘गोलमाल’ (१९७९) सगळ्यांनी बघितलेला असतो, म्हणून एकच गोष्ट सांगतो. तरुणांनी खेळाबिळात रस घेऊ नये असं मानणाऱ्या भवानीशंकरांना फसवायची युक्ती यात डेव्हिडचं पात्र सुचवतं. प्रत्यक्षात हा माणूस वेटलिफ्टिंगच्या संघटनेत वर्षानुवर्षं काम करत होता. हे कळल्यावर तो प्रसंग पुन्हा बघा.

शेवटी ‘यहुदी’ (१९५८). दिग्दर्शक बिमल रॉय, दिलीपकुमार, मीनाकुमारी. नावातच ज्यू. मूळ आगा हश्र काश्मिरी यांचं पारशी रंगभूमीवरचं नाटक. गोष्ट रोमन साम्राज्यातली, आणि छळ सोसणारा ज्यू बाप एझरा रंगवलाय सोहराब मोदी यांनी, म्हणजे एका पारशाने. संवाद टाळ्यांसाठी लिहिलेले आहेत आणि मोदी ते तसेच फेकतात. मला दोन बैठका लागल्या. पण गंमत बघा. हिंदी सिनेमाला ज्यू माणूस दाखवायचा झाला तेव्हा तो थेट रोमला गेला. त्याच काळात मुंबईच्या त्याच स्टुडिओंमध्ये चौलच्या आडनावाचा ज्यू नट कधी ख्रिश्चन, कधी पारशी, कधी उत्तरेकडचा भैया होत होता.

चौलबद्दलही तेच झालं. अब्बास यांनीच १९५७ मध्ये रशियन दिग्दर्शक वसिली प्रोनिन यांच्यासोबत ‘परदेसी’ केला. पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याची गोष्ट. निकितिनच्या टिपणांत चौलचे लोक आहेत: उघड्या अंगाने वावरणारे, या गोऱ्या माणसामागे कुतूहलाने फिरणारे. सिनेमाने त्याला नर्गिससोबत प्रेमकथा दिली, जी त्या टिपणांत नाही. रेवदंड्यात आज निकितिनचं स्मारक आहे. काही काळ थांबून गेलेल्या परदेशी माणसाचं नाव दगडावर आहे, आणि ज्या घराण्याने गावाचं नाव शतकानुशतकं आडनाव म्हणून वागवलं त्यातल्या नटाचं नाव गावात फारसं कुणाला माहीत नाही.

कुठला अर्धा भाग गळला?

नाव बदलणं त्या काळी नवं नव्हतं. युसुफ खानचा दिलीपकुमार झाला, महजबीनची मीनाकुमारी. त्यात बहुतेक वेळा मूळ धर्म झाकला जायचा. डेव्हिड यांनी तसं केलं नाही, आपलं ज्यू नाव उघड ठेवलं. गळलं ते आडनाव, म्हणजे नावातला कोकण. परिणाम असा झाला की प्रेक्षकाने ‘डेव्हिड’ ऐकलं आणि ख्रिश्चन समजून घेतलं. आम्ही मराठी लोकही तेच समजलो. हिंदी पडद्यावरचे मराठी चेहरे मोजताना दुर्गा खोटे, ललिता पवार, नूतन अशी नावं आपण अभिमानाने घेतो. त्या यादीत डेव्हिड कुणी घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हा विदा साठवण्याचा प्रश्न आहे. नावाच्या रकान्यात एकच शब्द भरला, की शोधताना बाकीचं सापडत नाही. पण रकाना भरणारा माणूस असतो. मराठी माणूस म्हणजे कोण, याचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं त्यात शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली बसत नाही, म्हणून आपण त्याला शोधतही नाही.

आणि तोवर तो निघून गेलेला असतो. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तिथे ‘तुम्ही खरे ज्यू का?’ म्हणून त्यांना प्रश्न विचारले गेले. त्यांनी आंदोलनं केली, आणि १९६४ साली तिथल्या सरकारने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. म्हणजे इथे ते मराठी म्हणून कुणाच्या ध्यानात नव्हते आणि तिथे ज्यू म्हणून. तरी त्यांनी तिथे मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. आज भारतात काही हजार बेने इस्राएल उरलेत, आपल्या किनाऱ्यावर तर बोटावर मोजण्याइतकी घरं.

डेव्हिड यांना १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. फिल्मफेअरच्या सोहळ्यांचं सूत्रसंचालन ते वर्षानुवर्षं करत. २८ डिसेंबर १९८१ रोजी टोरंटोत त्यांचं निधन झालं. डेव्हिड स्वतः चौलात कधी किती राहिले, हा माझ्या दृष्टीने दुय्यम मुद्दा आहे. माझ्या ओळखीतले अर्धे ‘कर’ आपापल्या गावात राहत नाहीत, म्हणून ते परके होत नाहीत.

तुम्ही अलिबागकडे बीचसाठी येत असाल, रो-रोने मांडव्याला उतरत असाल, तर एक दुपार इस्राएल आळीत आणि नवगावला घालवा. आणि यायच्या आधी ‘बूट पॉलिश’ बघा. नाव पडद्यावर येईल तेव्हा पुढचा शब्द मनातल्या मनात जोडा. चेऊलकर.