वरातीमागून घोडें



शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. बलाढ्य यंत्रकंपनीवर फिर्याद करण्यासाठीं सरकारनें तर ती पायरी मुळींच चढूं नये, असें एक पोटकलम अलीकडच्या चर्चेनें त्या म्हणीला जोडलेलें दिसतें. ५ ऑगस्ट २०२४ रोजीं वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनीं, गूगल कंपनीनें शोधसेवेंतली आपली मक्तेदारी बेकायदा मार्गानें टिकविली, असा निर्णय दिला. त्या सुमारास माझ्या परिचयाच्या एका घरीं जेवणें आटोपल्यावर बराच वेळ वाद रंगला. चिरंजीव पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनींत नोकरीस आहेत. त्यांचें म्हणणें, ज्यांना यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं त्यांनीं यंत्रें करणारांच्या पायांत बेड्या घालूं नयेत. वडील निवृत्त वकील. त्यांचें म्हणणें, बेड्या नसल्या तर हे लोक उद्यां आपल्या माजघरांत येऊन बसतील. मात्र एका मुद्द्यावर पितापुत्रांचें एकमत झालें. फिर्याद झाली ऑक्टोबर २०२० मध्यें, निर्णय लागला जवळजवळ चार वर्षांनीं, मधल्या काळांत बाजाराचें रूपच पालटलें. तेव्हां हें म्हणजे वरातीमागून घोडें!

तें एकमतच मला खटकलें. चिरंजीवांची नोकरी ज्या धंद्यांत आहे, तो सॉफ्टवेअर दाम घेऊन विकण्याचा धंदा अशाच एका उशिरा आलेल्या घोड्याच्या टापांनीं जागा झाला, असें माझें मत आहे. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेंतील आय. बी. एम. ही कंपनी आरंभीं भोकें पाडलेल्या कार्डांवरून हिशेब करणारीं यंत्रें बनवीत असे. तीं ती विकत नसे, भाड्यानें देई. आणि भाडेकरूनें कार्डेंहि आपल्याचकडून घेतलीं पाहिजेत अशी अट घाली. १९३२ सालीं सरकारनें ह्या अटीविरुद्ध दावा लावला. कंपनीचा बचाव असा कीं, दुसऱ्याचें वाईट कार्ड आंत गेलें तर यंत्र बिघडेल, हिशेब चुकतील आणि नांव आमचें खराब होईल. परंतु खुद्द अमेरिकन सरकार जादा भाडें भरून स्वतः तयार केलेलीं कार्डें त्याच यंत्रांत घालीत होतें, आणि यंत्रें सुरळीत चालत होतीं ! १९३६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा बचाव फेटाळला. बाहेरची वस्तु आंत आली तर यंत्र बिघडेल, हें वाक्य त्यानंतरच्या नव्वद वर्षांत किती कंपन्यांच्या किती वकिलांनीं किती गंभीर चेहऱ्यानें उच्चारलें असेल, ह्याची गणती करण्यासच एखादें यंत्र लागेल.

१९५२ सालीं दुसरा दावा उभा राहिला. थोरले वॉटसन शेवटपर्यंत झुंजण्याच्या मताचे. धाकटे वॉटसन तडजोडीच्या मताचे. अखेर धाकट्यांचें चाललें, आणि जानेवारी १९५६ मध्यें कंपनीनें संमतीचा हुकूमनामा पत्करला. यापुढें यंत्रें भाड्यानें द्यावयाचीं तशीं विकावयाचीहि, हें त्यांतलें प्रमुख कलम. त्याच वर्षीं जूनमध्यें थोरले वॉटसन वारले.

आतां खऱ्या गोष्टीकडे येऊं. गणकयंत्र आपल्या जागीं मुकें असतें. काय करावें हें त्याला सांगणारी आज्ञांची जी मालिका, ती आज्ञावली. बाजारांतलें तिचें नांव सॉफ्टवेअर. १९६९ पर्यंत आय. बी. एम.च्या यंत्राबरोबर ह्या आज्ञावल्या, त्या वापरण्याचें शिक्षण आणि मदतीला धांवून येणारे इंजिनियर हें सर्व यंत्राच्या भाड्यांतच मिळे. खाणावळींत ताटाबरोबर चटणी येते तशी. ताटाचे दाम ठरलेले. चटणीचे निराळे कोणी मागत नाहीं आणि कोणी देत नाहीं. गिऱ्हाईक खूष असतें. परंतु खाणावळीच्या शेजारीं एखाद्या हुशार बाईनें त्याहून चांगली चटणी करून विकावयाचें मनांत आणलें, तर तिच्या दुकानाची पायरी कोण चढणार ? चटणी तर ताटांत फुकट पडलेलीच आहे !

अशी हुशार बाई, म्हणजे अशी कंपनी, न्यू जर्सींतील प्रिन्स्टन येथें होती. अप्लाइड डेटा रिसर्च हें तिचें नांव, आणि स्थापना १९५९ ची. लिहिलेल्या आज्ञावलीचा आराखडा आपोआप काढून दाखविणारी एक आज्ञावली तिनें आर. सी. ए. कंपनीच्या यंत्रासाठीं तयार केली. आर. सी. ए.नें ती घेतली नाहीं. ते यंत्र वापरणाऱ्यांत हिंडून पाहिलें तों दोनच गिऱ्हाइकें मिळालीं. मग ती आय. बी. एम.च्या यंत्रांसाठीं फिरवून लिहिली. ‘ऑटोफ्लो’ हें तिचें नांव. काम उत्तम करी. परंतु दारोदार विकावयास गेलें कीं उत्तर ठरलेलें, अशीच कांहीं चीज आय. बी. एम. आम्हांला फुकट देते, तीच सुधारून मागूं. कंपनीचे मार्टिन गेट्झ हे गृहस्थ चिवट होते. वर्गवारी लावण्याच्या आपल्या एका पद्धतीसाठीं त्यांनीं पेटंटचा अर्ज केला, आणि एप्रिल १९६८ मध्यें तें मिळविलें. सॉफ्टवेअरचें पहिलें अमेरिकन पेटंट म्हणून तें ओळखलें जातें. पेटंट हाताशीं आलें, तरी फुकटाशीं स्पर्धा कशी करावी हा प्रश्न सुटला नाहीं.

इकडे खाणावळीच्या स्वैपाकघरांतहि सर्व ठीक नव्हतें. ७ एप्रिल १९६४ रोजीं आय. बी. एम.नें ‘सिस्टिम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली. लहानमोठ्या सर्व यंत्रांवर एकच आज्ञावली चालावी, ही तिच्यामागची कल्पना भव्य होती. पण तीं यंत्रें चालविणारी मूळ आज्ञावली वेळेवर होईना. एके काळीं हजारांहून अधिक माणसें तिच्यावर खपत होतीं. रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसें घातलीं तर तें अधिकच रेंगाळतें, हा धडा त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स ह्यांनीं तेथेंच घेतला आणि १९७५ सालीं ग्रंथ लिहून जगाला दिला. सांगावयाचें तें हें कीं, चटणी ताटापेक्षां महाग पडूं लागली होती.

सरकारची चौकशी ह्या सुमारास चालूच होती. डिसेंबर १९६८ मध्यें कंट्रोल डेटा ह्या प्रतिस्पर्धी कंपनीनें स्वतःचा दावा ठोकला. त्याच महिन्यांत, आपण भाड्याची ही पद्धत बदलणार आहों, असें आय. बी. एम.नें जाहीर केलें. १७ जानेवारी १९६९ हा शुक्रवार होता. सोमवारीं निक्सन शपथ घेणार होते. जॉन्सन सरकारचा कामकाजाचा हा शेवटचा दिवस. आणि त्या दिवशीं महान्यायवादी रॅम्से क्लार्क ह्यांच्या खात्यानें आय. बी. एम.वर मक्तेदारीचा दावा दाखल केला. घरचा उंबरठा ओलांडतां ओलांडतां शेजाऱ्याच्या दारांत फटाका लावून जावा, तसाच कांहीं हा प्रकार वाटतो. गंमत अशी कीं, कंपनीनें आपल्या बचावासाठीं मुख्य वकील म्हणून नेमलेले निकोलस कॅट्झेनबाख हे त्याच जॉन्सन सरकारांतले आधींचे महान्यायवादी !

एप्रिलमध्यें प्रिन्स्टनकरांनींहि फिर्याद केली. आणि २३ जून १९६९ रोजीं तें घडलें. आय. बी. एम.नें ताट आणि चटणी वेगळी केली. सतरा आज्ञावल्यांना स्वतंत्र किंमत लावली. शिक्षण व इंजिनियरांची मदत ह्यांचेहि दाम ठरविले. त्याबद्दल यंत्राचें भाडें किती उतरावें ? शेंकडा ३. गिऱ्हाइकांनीं नाकें मुरडलीं, आणि तीं मुरडण्याजोगीं होतींच. यंत्र चालविणारी मूळ आज्ञावली तर तेव्हां पूर्वीप्रमाणेंच भाड्यांत राहिली. बदल अर्धामुर्धा होता. परंतु त्या दिवसापासून अमेरिकेंतल्या कचेऱ्यांना आपल्या खर्चाच्या वहींत सॉफ्टवेअर म्हणून निराळा रकाना आंखावा लागला. रकाना आला कीं त्यांत कोणाचें नांव लिहावें हा प्रश्न आला. प्रश्न आला कीं शेजारच्या दुकानाला गिऱ्हाईक आलें. प्रिन्स्टनच्या फिर्यादीचा समेट १९७० सालीं झाला.

हें सर्व दाव्यामुळेंच झालें काय ? येथें मीं जरा जपून बोलावें हें बरें. आज्ञावल्यांचा वाढता खर्च कंपनीला बोचत होताच, आणि आज ना उद्यां तिनें दाम लावलेच असते असें म्हणणारे आहेत. परंतु त्या काळच्या अधिकाऱ्यांनीं पुढें लिहिलेल्या आठवणी वाचल्या, तर कायद्याची धास्ती हेंच कारण त्यांत पुढें येतें. आज ना उद्यां आणि आज ह्यांत अंतर असतें, आणि छोट्या दुकानदाराचें जगणेंमरणें त्या अंतरांतच होतें. तारखांकडे पाहा : बदलाची घोषणा दाव्यापूर्वींची, बदल दाव्यानंतर पांच महिन्यांचा. घोडें मांडवांत पोंचण्यापूर्वींच टापांच्या आवाजानें वऱ्हाडी सांवरून बसले होते.

मग तो दावा ? त्याची कथा करुण म्हणावी कीं हास्यास्पद, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. प्रत्यक्ष सुनावणी सुरू व्हावयास १९७५ चा मे महिना उजाडला. न्यायाधीश एडलस्टाइन ह्यांच्यापुढें ती सातशेंहून अधिक दिवस चालली. जबान्यांचीं पानें एक लाखाच्या वर गेलीं. मध्यंतरीं, १९७३ मध्यें, कंट्रोल डेटानें आपला समेट केला. त्या कंपनीनें हजारों कागदपत्रांची मोठ्या कष्टानें केलेली सूची समेटाचा भाग म्हणून नष्ट करण्यांत आली, आणि ती सूची वापरूं पाहणारें सरकार हात चोळीत बसलें. रॉबर्ट बोर्क ह्या कायदेपंडितानें ह्या खटल्याला न्यायखात्याचें व्हिएतनाम म्हटलें. अखेर ८ जानेवारी १९८२ रोजीं विल्यम बॅक्स्टर ह्यांनीं, ह्या दाव्यांत अर्थ नाहीं, असें म्हणून तो काढून घेतला. न्यायाधीशमहाराज मात्र तो सोडावयास तयार नव्हते. वरिष्ठ न्यायालयाला त्यांच्या हातून तो सोडवावा लागला. तेरा वर्षें, आणि निकाल शून्य. निकालावरूनच मोजणाऱ्यानें ह्याला वेडेपणा म्हटलें तर त्याला दोष कसा द्यावा ?

त्याच दिवशीं, बॅक्स्टरसाहेबांच्याच हातून, टेलिफोनच्या बेल कंपनीनें आपले तुकडे करण्यास मान्यता दिली. तिचीहि एक जुनी कहाणी आहे. १९५६ च्या जानेवारींतच तिनें स्वीकारलेल्या हुकूमनाम्यानें दूरध्वनीवांचून इतर धंदा करण्यास तिला मनाई होती. त्यामुळें तिच्या प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉमसन व डेनिस रिची ह्यांनीं जी ‘युनिक्स’ नांवाची आज्ञावली रचली, ती तिला बाजारांत मांडतां येईना. विद्यापीठांना नाममात्र शुल्कावर द्यावी लागली. बर्कलेच्या विद्यार्थ्यांनीं ती उघडून पाहिली, दुरुस्त केली, वाढविली. हुकूमनामा लिहिणारांना सॉफ्टवेअर हा शब्द तरी ऐकून ठाऊक होता काय, ह्याची मला शंका आहे.

आपल्याकडे काय झालें, तेंहि ऐका. १९७३ च्या परकीय चलन कायद्यान्वयें परदेशी कंपनीनें येथील भांडवलांतला आपला वाटा शेंकडा ४० वर आणावा असें ठरलें. आय. बी. एम. तयार झाली नाहीं, आणि १९७८ सालीं देश सोडून गेली. तिनें येथें भाड्यानें लावलेलीं यंत्रें बहुतांशीं जुन्या बनावटीचीं होतीं, त्यामुळें फार अश्रु ढळले नाहींत. मागें राहिलेलीं यंत्रें सांभाळण्याचें काम एका सरकारी कंपनीकडे आलें, आणि तिचे इंजिनियर नाना बनावटींचीं यंत्रें हाताळण्यांत तरबेज झाले. हा लाभ खरा. परंतु आपल्या सरकारनें विचारलें तें, मालक कोण? अमेरिकन सरकारनें विचारलें तें, कशाला काय बांधलें आहे ? दुसरा प्रश्न मला अधिक शहाणपणाचा वाटतो. मुंबईंत १९६८ सालीं स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सीला आणि तिच्या मागून निघालेल्या मंडळींना परदेशीं जें काम मिळालें, तें अमेरिकन वहींतल्या त्या निराळ्या रकान्यांतलें होतें.

त्या मोकळ्या जागेंत वाढलेल्यांपैकीं एक मायक्रोसॉफ्ट. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम.नें घरगुती आकाराचें गणकयंत्र बाजारांत आणलें, तेव्हां त्याची मूळ आज्ञावली ह्या लहान कंपनीची होती, आणि ती इतरांनाहि देण्याचा हक्क तिनें आपल्याकडे राखला होता. खटल्याच्या धाकामुळें आय. बी. एम.नें तो सोडला असें कांहीं म्हणतात. मला तो पुरावा अपुरा दिसतो. घाई हें कारण अधिक संभवनीय. पण पुढें काय झालें ? मे १९९८ मध्यें हीच कंपनी आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी राहिली. आरोप असा कीं, तिनें जाळें पाहण्याची आपली आज्ञावली मूळ आज्ञावलीच्या ताटांत फुकट वाढून शेजारच्या नेटस्केपचें दुकान बसविलें ! कंपनीचे दोन तुकडे करण्याचा जून २००० चा हुकूम वर्षभरानें अपिलांत उडाला. मक्तेदारी बेकायदा राखल्याचा ठपका मात्र कायम राहिला. गूगल कंपनी स्थापन झाली ती १९९८ च्या सप्टेंबरांत, त्या फिर्यादीनंतर चार महिन्यांनीं.

२ सप्टेंबर २०२५ रोजीं न्यायाधीश मेहता ह्यांनीं गूगलबाबत उपाययोजनेचा हुकूम काढला. तुकडे करावयाचे नाहींत, असें ठरलें. आणि वकीलसाहेबांनीं मला दूरध्वनीवरून कळविलें कीं, घोडें पोंचलें पण लंगडें निघालें. मीं हुकुमाचा सारांश मागवून घेतला. दुसऱ्याला दारांत उभें राहूं न देणारे एकहातीं करार बंद, आणि शोधाचा कांहीं सांठा पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यावयाचा, हीं दोन कलमें मला त्यांत सांपडलीं. तीं मीं पेन्सिलीनें अधोरेखित केलीं, आणि तो कागद चिरंजीवांकडे पाठवून दिला.