खोक्यातला टीव्ही भिंतीवर गेला

दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या वाढतात. शेळी, शिलाई मशीन, पोरांची फी, आणि हल्ली टीव्ही. टीव्हीला कर्ज द्यायचं का, यावर आमच्यात चांगलीच खडाजंगी होते. म्हणून आज हा टीव्ही आपल्या घरात आला कसा, ते जरा मागे जाऊन पाहू.

दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं 15 सप्टेंबर 1959 ला. आपल्या मुंबईत यायला 2 ऑक्टोबर 1972 उजाडला. खेड्यांसाठीचा मोठा प्रयोग 1975-76 साली झाला. उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत शेतीचे, आरोग्याचे, मुलांचे कार्यक्रम दाखवले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. गावाला एकच संच, तोही शाळेत नाहीतर पंचायतीत. म्हणजे टीव्ही तेव्हा गावाचा होता, घराचा नव्हता.

1982 साली रंग आला. 1987 च्या जानेवारीत रामायण सुरू झालं आणि रविवारी सकाळी ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या ओटीवर अख्खी आळी. आमच्यातल्या थोरल्या बायका सांगतात, एक जण कौलावर अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "मुंग्या आल्या, अजून फिरव!" तो संच म्हणजे भलं मोठं खोकं. मागच्या नळीतून विजेचा झोत पुढच्या काचेवर पडायचा, तेव्हा चित्र उमटायचं. झोताला अंतर लागतं, म्हणून काच मोठी तर खोकंही खोल. सपाट टीव्हीत ही नळीच गेली. पडद्यामागे दिवे आणि पुढे त्यांचा उजेड अडवणारा-सोडणारा पातळ थर. ते दिवे आधी बारीक ट्यूबचे होते, मग एलईडीचे आले. दुकानदार 'एलसीडी जुना, एलईडी नवा' म्हणतो, पण साधा एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच, दिवे तेवढे बदललेले.

आता 32 इंचच एवढा का खपतो? छोट्या खोलीला तो पुरतो हे खरं. पण जानेवारी 2019 पासून 32 इंचापर्यंतच्या टीव्हीवर जीएसटी 18 टक्के आणि त्यावरच्यावर 28 टक्के होता, हेही कारण. सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्यांवरचा करही 18 वर आला. तरी मोठा टीव्ही घेण्याआधी घरी दोरी घेऊन भिंत मोजा. इंच हे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. 32 इंच म्हणजे साधारण 81 सेंटिमीटर.

'स्मार्ट' टीव्हीचं आम्हाला फारसं कौतुक नाही. घरात नेट नसेल तर त्या पैशाचा उपयोग काय? डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची फुकट छत्री आली, आज तिला फ्री डिश म्हणतात. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं भाडं नाही. दुकानात टीव्ही बघताना मात्र बाजूने उभं राहून चित्र बघा. आपल्या घरात सगळे समोर बसत नाहीत. कुणी चुलीपाशी असतं. आवाजही ऐका, पातळ टीव्हीचे स्पीकर लहान असतात. आणि सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की जिल्ह्याला, हे पैसे देण्याआधी विचारा.

आता पैशाचं. समजा 12,000 रुपये घेतले, महिन्याला हजार मुद्दल आणि शेकडा 1 रुपया व्याज. उरलेल्या रकमेवर व्याज धरलं तर वर्षाचं व्याज 780 रुपये. पण कुणी शेवटपर्यंत पूर्ण 12,000 वरच व्याज लावलं, तर तेच 1,440 होतं. दर तोच, हिशोब वेगळा. 'बिनव्याजी हप्ता' असेल तर प्रोसेसिंग फी किती आणि रोख घेतलं तर सूट किती, हे दोन्ही विचारा. व्याज बहुतेक तिथंच लपलेलं असतं.

पंचायतीतला टीव्ही कुठला घ्यायचा, हे कुणी बाईला विचारलं असेल असं आम्हाला वाटत नाही. आज कर्ज तिच्या सहीवर निघतं, तरी दुकानात नवरा नाहीतर पोरगाच जातो. म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय: शेळी आणि फी आधी, पैसे उरले तर टीव्ही. खरेदीला कर्ज घेणारीनेच जायचं. बिल आणि वॉरंटी कार्ड तिच्या नावावर, आणि दोन्ही पुढच्या बैठकीत दाखवायची.