पिडिंग्टनचं पत्र

मोबाईलवर झळकणारा ‘सायक्लोन’ हा शब्द कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने घडवला. हा मूळचा दर्यावर्दी. वादळातून वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या तो गोळा करायचा. कोणत्या जहाजावर, किती वाजता, कुठल्या दिशेचा वारा होता, हे नकाशावर मांडलं की सापाच्या वेटोळ्यासारखं गरगरणारं वादळ दिसायचं. म्हणून १८४८च्या पुस्तकात त्याने ग्रीक शब्दावरून हे नाव दिलं. सोबत शिंगापासून केलेल्या पारदर्शक चकत्या होत्या. नकाशावर ठेवून खलाशाने वादळाचा मध्य शोधायचा. त्या काळचं ॲपच म्हणा!

पुढे सुंदरबनाजवळ मातला नदीवर नवं बंदर बांधायचं घाटत होतं. १८५३मध्ये पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल डलहौसीला जाहीर पत्र लिहून बजावलं, की वादळाबरोबर समुद्र इथे आत घुसेल. ही भविष्यवाणी नव्हती, त्यामागे कितीतरी वर्षांच्या नोंदी होत्या. पण ऐकतो कोण? १८५८मध्ये तो वारला. पोर्ट कॅनिंग उभं राहिलं, रेल्वेही पोचली. १८६७च्या नोव्हेंबरात वादळाची लाट शहरात शिरली. काही वर्षांतच बंदर सोडून द्यावं लागलं.

भारतीय हवामान खातं स्थापन झालं १८७५मध्ये.