उन्हाळी, ताप आणि लघवीची बाटली

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे म्हणतात, ‘उन्हाळी लागली.’ आजी धने-जिऱ्याचं पाणी देते. पण सहा महिन्यांचं बाळ ‘जळजळतंय’ कसं सांगणार? त्याला नुसता ताप येतो. नोएडात माझ्या भाच्याला असाच ताप आला. डेंग्यू तपासला, मलेरिया तपासला. लघवी तपासायला पाचवा दिवस उजाडला. तेव्हापासून मी या आजाराचा इतिहास वाचत आलोय.

१८८५ मध्ये म्युनिकला थिओडोर एशेरिख या डॉक्टरांना तान्ह्या बाळांच्या शीमध्ये एक जिवाणू सापडला. तोच आपला ई. कोलाय, त्यातला ‘ई’ एशेरिखचा. १८९४ मध्ये त्यांनीच लिहिलं, की मुलांच्या मूत्राशयाला सूज आणणारा जिवाणूही हाच.

पण लघवीत दिसलेला जिवाणू आतला, की त्वचेवरून बाटलीत पडलेला? १९५६ मध्ये बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी माप दिलं: एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा जास्त जिवाणू असतील, तर संसर्ग. त्याच १९५६ मध्ये दिल्लीत एम्स स्थापन झालं आणि कलावती सरन बालरुग्णालयही सुरू झालं. पुढे एम्समध्येच डॉ. आर. एन. श्रीवास्तव आणि डॉ. अरविंद बग्गा यांनी मुलांच्या मूत्रपिंडविकारांचं शास्त्र आपल्या देशात रुजवलं.

२००१ मध्ये भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी या संसर्गावर मार्गदर्शक सूचना काढल्या. २०११ मध्ये त्या सुधारल्या. एवढी काळजी कशासाठी? काही मुलांची लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला तर तिथे व्रण राहू शकतात, पुढे रक्तदाबही जडू शकतो. म्हणून अशा मुलांना महिनोन्‌महिने रोज थोडं अँटिबायोटिक देत. २०१४ मध्ये अमेरिकेतला ६०७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधाने पुन्हा होणारे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले, व्रण मात्र कमी झाले नाहीत.

मग आपल्या हातात काय? वेळेवर ओळखणं. सर्दी-खोकला नाही आणि तान्ह्याला ताप आहे, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ‘लघवी तपासायची का?’ आणि कल्चरची बाटली अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी भरा. नंतर भरली तर जिवाणू सापडेलच असं नाही.

भाचा बरा झाला. ते पाच दिवस मात्र ताई अजून विसरलेली नाही.