काचेच्या प्लेटपासून फोनपर्यंत: फोटो भिंतीवर गेला की काय होतं?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात तुमच्या खिशातल्या फोनपासून करू. बॉक्सवर लिहिलंय १०८ मेगापिक्सेल. मग संध्याकाळच्या कार्यक्रमात काढलेला फोटो १२ बाय १८ इंचाच्या फ्रेममध्ये घातला की चेहरा मेणाचा का दिसतो? आणि पणजोबांच्या काळातल्या कृष्णधवल फोटोत मिशीचा केस न् केस कसा मोजता येतो?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. १८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेच्या प्लेटवर फोटो काढायची ओली कोलोडियन पद्धत मांडली. तीनच वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक.

त्या काळी फोटो मोठा करणं सोपं नव्हतं. प्लेट थेट कागदाला चिकटवायची आणि उन्हात धरायची. जेवढी प्लेट, तेवढाच फोटो. याला म्हणतात कॉन्टॅक्ट प्रिंट. पुढे स्टुडिओत चाललेली हाफ प्लेट म्हणजे साधारण साडेसहा बाय पावणेपाच इंच. मोठंच करायचं नाही, म्हणजे फाटायचा प्रश्नच नाही!

मग १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. फिल्मची फ्रेम फक्त ३६ बाय २४ मिलिमीटर. कॅमेरा खिशात मावू लागला, पण आता प्रत्येक फोटो मोठा करूनच छापावा लागणार होता. आज आपण ज्याला 'फुल फ्रेम' सेन्सर म्हणतो, त्याचं माप हेच.

आता ३०० हा आकडा. प्रिंटवाला नेहमी '३०० डीपीआय' म्हणतो ना, त्याचं मूळ छापखान्यात आहे. हाफटोन पद्धतीत फोटो जाळीतून नेऊन बारीक ठिपक्यांत फोडतात. चांगल्या मासिकाची जाळी इंचाला साधारण १५० ओळींची. प्रत्येक ओळीमागे दोन पिक्सेल धरले की झाले ३००. आपले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी गोध्र्यात फोटोग्राफी करत होते, आणि पुढे लोणावळ्यात त्यांनी छपाईचा कारखाना काढला. फोटो काढणं आणि तो कागदावर नीट उतरवणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत. या माणसाला दोन्ही येत होत्या.

डिजिटलची गोष्ट १९७५ ची. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसनने पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो १०० बाय १०० पिक्सेलचा, आणि तो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद. त्याच कंपनीतल्या ब्राइस बायरने त्याच सुमारास सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची जाळी बसवायची कल्पना मांडली. यात प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून हिशेबाने काढायचे. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे फार भारी वाटतं: तुमच्या फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती गणिताने भरलेली असते.

गणित चांगलं चालायला मूळ मोजमाप चांगलं लागतं. तिथेच सेन्सरचा आकार येतो. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मि.मी. अनेक फोनमध्ये राहिलेला सेन्सर साधारण ५.६ बाय ४.२ मि.मी., म्हणजे जेमतेम साडेतेवीस. जवळपास ३७ पट फरक! पावसाच्या पाण्यासाठी अंगणात परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर जास्त पाणी कशात जमेल? प्रकाशाचंही तसंच. कमी प्रकाश जमला की दाणे दिसतात, फोन ते पुसतो, आणि त्यासोबत कातडीचे बारकावेही पुसले जातात. झाला मेणाचा पुतळा.

१८ इंची प्रिंटसाठी फुल फ्रेमचं चित्र साधारण १३ पट ताणावं लागतं, या फोनचं ८० पटींच्या वर. लेन्सची चूकही तेवढीच ताणली जाते. २०१९ च्या १०८ मेगापिक्सेल सेन्सरमध्ये एक पिक्सेल ०.८ मायक्रॉनचा होता. एफ १.८ लेन्समधून प्रकाशाचा सगळ्यात बारीक ठिपकाच सुमारे २.४ मायक्रॉनचा पडतो. म्हणजे एका ठिपक्यात कितीतरी पिक्सेल! म्हणूनच असे फोन एरवी चार-चार पिक्सेल जोडून २७ मेगापिक्सेलचा फोटो देतात.

आता आपल्या गोंदियात या. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात. पहाटेच्या धुक्यात, धानाच्या बांधीत, लांबवर जोडी उभी असते. फोनने डिजिटल झूम दहा पट केला, की ४००० पिक्सेलच्या रुंदीतले उरतात ४००. ३०० च्या हिशेबाने सव्वा इंच. स्टेटसला छान, भिंतीवर नाही.

गंमत बघा, चौकातल्या फ्लेक्सला मात्र हेच गणित उलटं लागू होतं. डोळ्याला एक फुटावरून इंचात साधारण ३०० ठिपके ओळखू येतात, वीस फुटांवरून जेमतेम १५. त्यामुळे दहा फुटी वाढदिवसाच्या बॅनरला १८०० पिक्सेल पुरतात! व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलचा होतो. तो चौकात चालून जातो. घरातल्या १८ इंची फ्रेममध्ये मात्र इंचाला ८९ च पिक्सेल उरतात.

आणि घरातली फ्रेम कधी लागते? बहुतेक वेळा माणूस गेल्यावर. गोंदियातल्या एका फोटो स्टुडिओत मी हे ऐकलंय: "भाऊ, हा व्हॉट्सॲपवाला आहे, ओरिजिनल पाठवा ना." ओरिजिनल कोणाकडेच नसतो. लग्नाच्या ग्रुप फोटोतून आजोबांचा चेहरा कापला जातो. दहा माणसं एका ओळीत असतील तर चेहऱ्याच्या वाट्याला येतात दोनशेएक पिक्सेल, म्हणजे इंचभरसुद्धा नाही. हजारो फोटो असलेली आपली पिढी, आणि भिंतीसाठी एक सापडत नाही!

उपाय महाग नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो ३०० ने छापला तरी १३ बाय १० इंच होतो. आजी-आजोबांना दिवसा, दाराशी, सावलीतल्या उजेडात बसवा. झूम नको, जवळ जा. मूळ फाइल जपा, पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि एक प्रिंट आत्ताच काढा, त्यांच्या हातात द्या. फोटो बरा आलाय की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

भेटू पुढच्या भागात!