ज्याला भाव नाही, त्याचे दात

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गुरांच्या बाजारात जाणकार शेतकरी आधी बैलाचं तोंड उघडतो. दुधाचेच दात असले तर आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि आठही पक्के झाले की जुळलेला. वय कळलं की किमतीची बोलणी सुरू. त्याच शेताची रात्रभर राखण करणाऱ्या कुत्र्याचं तोंड मात्र कुणी उघडत नाही. त्याला बाजारात भाव नाही.

जगातही भाव असलेल्या जनावराकडेच आधी लक्ष गेलं. फ्रान्सचे डॉक्टर लुई ओझू (१७९७–१८८०) यांनी कागदाच्या लगद्यापासून शरीराचे सुटे करता येणारे नमुने बनवले. विच्छेदनाला मृतदेह पुरत नसत, टिकतही नसत. त्यांनी अख्खा घोडा घडवला आणि वयानुसार दात कसे झिजतात हे दाखवणारे जबड्यांचे संचही केले. तेव्हाचं सैन्य घोड्यांवरच चाले.

आपल्याकडे पशुवैद्यक महाविद्यालय मुंबईत १८८६ मध्ये निघालं, नागपुरात १९५८ मध्ये. तिथं शिकणाऱ्यांना कुत्र्याचं तोंडही वाचावं लागतं. पिलाला २८ दात, मोठ्या कुत्र्याला ४२: पटाशीचे १२, सुळे ४, उपदाढा १६, दाढा १०. मी कवी माणूस, मला यातली एक गोष्ट फार लागली. वरच्या जबड्यातल्या चौथ्या उपदाढेला तीन मुळं असतात. तिथं पू झाला की सूज येते डोळ्याखाली. न शिकलेला माणूस डोळ्यावर औषध घालत बसतो आणि मुकं जनावर दुखणं सोसत तसंच जेवत राहतं.

ही मुळं जिवंत तोंडात दिसत नाहीत. म्हणून मेलेल्या कुत्र्याची कवटी पाण्यात ठेवून मांस सोडवतात, तेलकटपणा काढतात, वाळवतात. तिच्यावरून रबरी साचा घेऊन प्लास्टर किंवा राळेचा जबडा ओततात. बाजूचं हाड कापून आतली मुळं उघडी दाखवता येतात. आता सीटी स्कॅनवरून थ्रीडी छपाईनंही असे जबडे करता येतात. शंभर मुलांनी हाताळला तरी हा जबडा ना चावतो, ना कळवळतो.

बैलाचे दात पाहून आपण विचारतो, अजून किती वर्षं राबेल? या नमुन्यावर शिकलेला डॉक्टर कुत्र्याचे दात पाहून विचारतो, बाबा, दुखतंय कुठं?