रोशा तेल : खानदेशातील एका सुगंधी व्यापाराचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात खानदेशातील पिंपळनेर, नंदुरबार परिसरात रोशा गवताचे ऊर्ध्वपातन करून सुगंधी तेल काढले जात असे. मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे ते तुर्कस्तानात पोहोचे आणि गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. या भेसळीमागे रासायनिक कारण होते. जिरॅनिऑल हे अल्कोहोल दोहोंतही असते; रोशा तेलात त्याचे प्रमाण सुमारे ७५ ते ८५ टक्के आढळते. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते याच तेलातून वेगळे केले. सांधेदुखीवर हे तेल चोळण्याची परंपरा जुनी आहे. जिरॅनिऑलचा जंतुरोधक गुणही प्रयोगशाळेत आढळला आहे. युरोपच्या बाजारात मात्र हे तेल ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणून विकले गेले. व्यापारमार्गाचे नाव टिकले. उत्पादक प्रदेशाचे श्रेय त्याआड झाकले गेले.